साबण लावायच्या आधी

टर्की भाजण्यात अवघड असं काही नाही. पक्षी ओव्हनमध्ये जातो, तीनेक तास तिकडे कोणी फिरकत नाही आणि तो आपला आपण भाजून बाहेर येतो. अवघड आहे ती ग्रेव्ही. ती करायची ट्रेमध्ये गळून पडलेल्या रसाची, म्हणजे पक्षी बाहेर आल्याशिवाय तिला हातच लावता येत नाही. आणि पक्षी बाहेर येतो तेव्हा पाहुणे हात धुऊन बसलेले असतात, पोरं ताटं वाजवत असतात आणि वर्षभरात ज्यांनी गॅस पेटवलेला नाही असे घरातले यच्चयावत पुरुष स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ‘काही मदत हवी का’ विचारत असतात. आख्ख्या जेवणातला सगळ्यात नाजूक पदार्थ शेवटच्या वीस मिनिटांत आणि सगळ्यात जास्त माणसांच्या देखत करायचा, ही कल्पना ज्याला कोणाला सुचली त्याला शेजारी नसावेत.

गिरीजमध्ये शेजारी नसण्याची सोय नाही. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला हे गाव. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेशी नातं सांगणारा वज्रगड इथल्या हिरा डोंगरीवर, तिथेच दत्तमंदिर. खाली चर्च, ख्रिस्ती वस्ती, केळीच्या वाड्या, बावखलं म्हणजे छोटी तळी आणि या सगळ्यांत दरवर्षी थोडी थोडी घुसणाऱ्या इमारती. नाताळात इथल्या ख्रिस्ती घरांचं टर्कीवाचून काही अडत नाही. डुकराचं इंद्याल असतं, बदक असतं, तळलेले टम्म फुगे असतात, करंज्यांचे आणि कुलकुलांचे डबे माळ्यावर पोरांपासून लपवलेले असतात आणि ते पोरांना सापडलेले असतात. काही कमी आहे असं कोणाला वाटत नव्हतं. एका घराला ते वाटू लागलं, घरातला धाकटा बोटीवर लागल्यापासून.

घर कोणाचं ते सांगण्यात अर्थ नाही. गावात आडनावं मोजकी आणि नाती अनेक. कोणतंही नाव घेतलं तरी चार घरं रुसणार. तर हा धाकटा क्रूझच्या भटारखान्यात कामाला. सुट्टीवर आला आणि त्याने जाहीर केलं, “यंदा टर्की. टर्कीशिवाय ख्रिसमस म्हणजे काय?”

“आत्तापर्यंत काय होता मग?” आजींनी विचारलं.

भटारखान्यात त्याच्याकडे मुख्यतः बटाटे सोलण्याचं खातं होतं, ही माहिती पुढे आली तेव्हा टर्की घरात येऊन पडली होती.

घरातले काका निवृत्त शिक्षक. विषय इतिहास-भूगोल, आणि निवृत्ती फक्त शाळेतून. त्यांनी सांगितलं की टर्की ही काही बोटीवरून आलेली नवलाई नव्हे. पक्षी मूळचा अमेरिकेतला, मेक्सिकोच्या बाजूला माणसाळलेला. तिथून युरोपात गेला आणि पोर्तुगीजांच्या गोव्यातून मुकर्रब खान नावाच्या सरदाराने तो 1612 मध्ये जहांगीर बादशहाच्या दरबारात नेला. त्या वेळी वसईसुद्धा पोर्तुगीजांकडेच होती. बादशहा पक्ष्यावर इतका खूश झाला की त्याने उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. शिवाय पक्ष्याच्या डोक्याचा आणि मानेचा रंग सरड्यासारखा कसा बदलतो, तेही बादशहाने आत्मवृत्तात सविस्तर लिहून ठेवलं.

“आणि ग्रेव्हीबद्दल काय लिहिलंय?” थोरल्या सुनेने विचारलं. ग्रेव्ही तिच्याकडे येणार हे तिने तेव्हाच ओळखलं होतं.

ग्रेव्हीबद्दल बादशहाने एक ओळ लिहिलेली नाही. हा मोगल इतिहासलेखनातला मोठाच दोष म्हटला पाहिजे.

पक्षी क्रॉफर्ड मार्केटहून आणायचं ठरलं. पाच किलोचा, गोठवलेला, दगडासारखा टणक. 22 डिसेंबरच्या संध्याकाळी धाकट्याने तो पिशवीत घालून विरार लोकलमध्ये चढवला. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये स्वतः चढणं हाच एक पराक्रम असतो. त्यात पाच किलोचा बर्फाळ ऐवज. तो त्याने सामानाच्या फळीवर सारला आणि निश्चिंत झाला. खरं म्हणजे त्या टर्कीचं रस गाळणं सुरू झालं ते अंधेरीच्या आसपास. फळीखाली बसलेल्या गृहस्थांच्या टकलावर पहिला थेंब पडला. त्यांनी वर पाहिलं. एसीचं पाणी असावं असं त्यांना वाटलं, पण डबा एसीचा नव्हता. बोरिवलीला दुसरा पडला. भाईंदरची खाडी ओलांडताना त्यांचा धीर सुटला.

“पिशवी कोणाची? काय आहे त्यात?”

“टर्की आहे, काका. पक्षी.”

“जिवंत आहे?”

“नाही हो.”

“मग रडतोय कोण?”

गोठलेला पक्षी फ्रिजमध्ये हळूहळू सैल करायचा, दर दोन किलोला एक दिवस धरायचा, असा नियम आहे. म्हणजे पाच किलोला अडीच दिवस. त्या अडीच दिवसांसाठी फ्रिजमधून इंद्यालाचं पातेलं बाहेर काढावं लागलं. व्हिनेगरमधलं इंद्याल बाहेर टिकतं, पण आजींचा मान टिकला नाही. “परक्याला आत घेतलं आणि घरच्याला ओट्यावर काढलं,” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या. गावात दुसऱ्या दिवशी बातमी अशी पसरली की त्या घरात जागेवरून भांडण लागलंय.

घरातला ओटीजी ओव्हन केकच्या मापाचा. पक्ष्याचं धड आत जाई तेव्हा तंगड्या बाहेर राहात, आणि तंगड्या दुमडल्या की दार लागत नसे. पूर्वी केकचे साचे बेकरीच्या भट्टीत नेऊन द्यायची पद्धत होती तशी टर्कीही न्यावी असा एक विचार निघाला. पण तिथून पक्षी परत येईल, ट्रेमधला रस परत येईल याची हमी कोण देणार? शेवटी एका आतेबहिणीचा मोठा ओटीजी रिक्षातून आणवला. त्याच्याबरोबर आतेबहीणही आली. तिच्याबरोबर तिची सासू.

टर्की शिजली की नाही हे वेळेवरून ठरवायचं नसतं. तिच्या मांसात आतपर्यंत 74 अंश सेल्सिअस भरले पाहिजेत. हे ऐकताच काका कपाटातून थर्मामीटर घेऊन आले. तो तापाचा, 42 वर संपणारा. तो आतेबहिणीच्या सासूबाईंनी जिथल्या तिथे हिसकावून घेतला, आणि त्यानंतर काका पडवीत बसून स्वतःशीच काहीतरी शास्त्रीय बोलत राहिले.

एवढं सगळं होऊनही 25 तारखेला दुपारी एकच्या सुमाराला टर्की बाहेर आली ती देखणी. तांबूस, तुकतुकीत. सगळे तिच्याभोवती जमले, फोटो निघाले, मोबाइल तिच्या अंगावर पडता पडता राहिला. ट्रेकडे कोणी पाहिलं नाही.

आणि सगळी मौज तर ट्रेमध्ये होती. पक्ष्यातून गळलेला रस, वितळलेली चरबी, सोबतीला टाकलेले कांदे-गाजराचे तुकडे, आणि या सगळ्याचं तळाला घट्ट बसलेलं काळपट तपकिरी पापुद्र्याचं राज्य. आपल्याकडे दूध आटवताना कढईला लागते ती खरवड. हिची जात वेगळी, पण वृत्ती तीच. उष्णतेने मांसातली प्रथिनं आणि साखरा एकत्र येऊन तपकिरी होतात आणि चवीची शेकडो रूपं तयार होतात, हे लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये मांडलं. कांदा तांबूस परतणाऱ्या प्रत्येक बाईला ते त्याआधीपासून माहीत होतं, पण तिने प्रबंध लिहिला नाही. मुद्दा असा की ग्रेव्हीचा जीव त्या खरवडीत असतो. ट्रे गॅसवर ठेवायचा, त्यात गरम पाणी किंवा मानेचा-काळजाचा काढलेला रस्सा ओतायचा, आणि लाकडी उलथण्याने तळ खरवडून खरवडून सगळं सोडवून घ्यायचं. बोटीवर याला डीग्लेझिंग म्हणतात, असं धाकट्याने दोन दिवसांत बऱ्याचदा सांगितलं होतं.

सांगितलं नव्हतं फक्त शेजारच्या मावशींना.

या मावशी मदतीला येणाऱ्यांपैकी. काही माणसं लग्नघरात गेली की आपोआप पत्रावळी मोजू लागतात, तशा त्या कुठल्याही स्वयंपाकघरात शिरल्या की थेट मोरीकडे जातात. त्यांना ओट्यावर एक ट्रे दिसला. जळलेला, तेलकट, तळाला काळं धरलेला. इतका सुंदर ओटीजी दुसऱ्याचा मागून आणलेला आणि त्याच्या ट्रेची ही अवस्था! मावशींनी पदर खोचला, गॅसवरचं उकळतं पाणी तांब्याभर ट्रेमध्ये ओतलं, उलथणं घेतलं आणि त्या तळ खरवडू लागल्या. मन लावून, कोपऱ्या-कोपऱ्यातून, एक कण मागे न ठेवता. सगळं सुटलं, पाणी गडद तपकिरी झालं. मग त्यांनी ट्रे मोरीच्या काठावर ठेवला आणि डाव्या हाताने भांड्यांच्या साबणाची वडी उचलली.

तेवढ्यात थोरली सून आत आली. तिची किंकाळी म्हणे चर्चच्या आवारात ऐकू गेली. लोकांना वाटलं नळाला पाणी आलं.

“मावशी! साबण खाली ठेवा!”

“अगं घासून देते ना. तू जा, फोटो काढ.”

“ती ग्रेव्ही आहे!”

मावशींनी ट्रेकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. “हे?” त्या म्हणाल्या. “बाय, हे आम्ही रोज मोरीत ओततो.”

शांतपणे विचार केला तर मावशींनी तोपर्यंत जे केलं होतं ते पाककलेच्या शाळांत फी घेऊन शिकवतात. गरम पाणी, लाकडी उलथणं, तळ खरवडणं, अगदी शिस्तीत. डीग्लेझिंग आणि भांडी घासणं यांत फरक फक्त साबणाचा आहे, आणि तो दोन सेकंदांनी वाचला होता. धाकट्याने येऊन ट्रे हुंगला, बोट बुडवून चाटलं आणि जाहीर केलं की बोटीवर एवढं स्वच्छ काम कधी पाहिलेलं नाही. मावशी त्या दिवसापासून स्वतःला थोड्या वेगळ्या नजरेने पाहू लागल्या असाव्यात.

फक्त पाणी जास्त झालं होतं. मावशींचा तांब्या मोठा.

पातळ रसाला दाटपणा आणायचा तर मैदा. प्रमाण ठरलेलं: दोन चमचे चरबीत दोन चमचे मैदा मंद आचेवर परतायचा आणि त्यात वाटीभर रस थोडा थोडा सोडत ढवळायचं. आधी चरबीत परतण्यामागे कारण आहे. प्रत्येक कणाला तेलकट आवरण बसलं की ते कण सुटे राहतात. कोरडा मैदा थेट गरम रसात टाकला तर वरचे कण 60-65 अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि आतल्या कोरड्या पिठाला कोंडून घालतात. यालाच गुठळी म्हणतात. सून हे सगळं काकांना समजावून सांगत होती आणि काका मान डोलावत होते. ती चरबी काढायला वळली तेव्हा त्यांनी मूठभर मैदा थेट गरम रसात टाकला. मदत म्हणून.

गुठळ्या झाल्या. लहान नव्हत्या. आतेबहीण म्हणाली मिक्सरमधून काढा. तिची सासू म्हणाली गाळा. आजींनी काही न बोलता ताकाची रवी आणून दिली. सुनेने रवी घातली, मग गाळणीतून गाळलं, आणि गाळणीवर राहिलेल्या गुठळ्या काकांच्या समोर बशीत ठेवल्या. काकांनी त्या मिठाबरोबर खाल्ल्या आणि वाईट नाहीत म्हणाले.

खरा वाद पेटला तो तवंगावरून. ग्रेव्हीच्या शास्त्रानुसार वर तरंगणारी चरबी काढून टाकायची. ज्यांच्याकडे सोय आहे ते त्यासाठी खाली तोटी असलेलं खास भांडं वापरतात, नाहीतर पळीने वरवर काढायची. सुनेने पळी घेतली आणि पहिला तवंग वाटीत काढला. दारातल्या पुरुषवर्गात खळबळ उडाली. ज्या राज्यात मिसळीवरच्या तर्रीसाठी माणसं जिल्हा ओलांडतात, तांबड्या रश्श्यावर बोटभर तेल नसेल तर आचाऱ्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेतात, तिथे एक बाई भर सणाला तवंग काढून बाजूला ठेवत होती.

“तवंग काढला तर राहिलं काय?” घरातले थोरले म्हणाले.

“ग्रेव्ही.”

“ती तर तवंगाखालचं पाणी झाली!”

तडजोड झाली. निम्मा तवंग काढला, निम्मा ठेवला. काढलेला निम्मा थोरल्यांनी कोणाचं लक्ष नसताना परत ओतला. सुनेने तो पुन्हा काढला. थोडा वेळ तवंग वाटी आणि पातेलं यांच्यामध्ये ये-जा करत होता.

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या वेळी टर्की विकणाऱ्या बटरबॉल कंपनीने 1981 पासून एक फोनसेवा चालवली आहे. टर्की बिघडली, वितळली नाही, ग्रेव्हीला गुठळ्या झाल्या, की लोक तिथे फोन करतात आणि पलीकडून तज्ज्ञ शांत आवाजात सल्ला देतात. दर हंगामात लाखभर प्रश्न येतात म्हणे. बिचारे. त्यांना नंबर फिरवावा लागतो. गिरीजमध्ये ही सेवा चालत घरी येते, चप्पल दारात काढते, चमचा मागते आणि चव घेते. चव घेणं हाच या सेवेचा गाभा. एकाने घेतली, मीठ कमी म्हणाला आणि चिमूटभर टाकून गेला. त्याने टाकलंय हे दुसऱ्याला माहीत नव्हतं. टर्की आदल्या रात्रभर मिठाच्या पाण्यात मुरवलेली होती, म्हणजे रस मुळातच खारट, हे चव घेणाऱ्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. मग खारटपणा मोडायला बटाटा टाकला गेला. बटाटा धाकट्याने सोलला. त्यात त्याचा हात खरोखरच बसलेला होता.

मधे पाच मिनिटं लाइट गेली. त्या अंधारात कोणीतरी बॉटल मसाला घातला. कोणी, ते कबूल झालेलं नाही. उन्हाळ्यात कुटून, बाटल्यांत दाबून भरलेला तो मसाला ओट्यावर हाताशी होता आणि आजी त्या वेळी ओट्याजवळ होत्या, इतकंच पुराव्यानिशी सांगता येतं. लाइट आली तेव्हा ग्रेव्हीचा रंग जहांगीरच्या टर्कीसारखा बदललेला होता आणि वास घरभर सुटला होता. धाकटा हताश होऊन म्हणाला, “आता ही ग्रेव्ही राहिली नाही.” सगळ्यांनी पुन्हा चव घेतली. मग तिसऱ्यांदा घेतली. पातेल्यातली पातळी एव्हाना चार बोटं खाली गेली होती.

आणि आता ती फार घट्ट झाली होती. मैद्याची ग्रेव्ही थंड होताना आणखी दाटते, हे सून सकाळपासून सांगत होती. पुन्हा पाणी. या वेळी मावशींना तांब्याला हात लावू दिला नाही.

वाढायचं कशात, हा शेवटचा प्रश्न. बोटीवर यासाठी नावेच्या आकाराचं, चोच असलेलं भांडं असतं. घरात चोच असलेलं भांडं एकच होतं: चहाची स्टीलची किटली. ती धुतली, ग्रेव्ही ओतली, झाकण लावलं आणि ती गरम राहावी म्हणून टेबलाच्या टोकाला, दुलईच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली.

जावईबापू त्याच सुमाराला आले. लग्नानंतरचा त्यांचा पहिलाच नाताळ. उन्हातून, गर्दीतून आलेले. त्यांना पडवीत काकांजवळ बसवलं आणि काकांनी त्यांना मोगल दरबारापासून सुरुवात करून दिली. आतमध्ये त्यांच्या सासूबाईंच्या लक्षात आलं की जावयाला साधा चहासुद्धा विचारला नाही. त्यांनी एका चिमुरडीला हाक मारली, “जा गं, किटलीतला कपभर नेऊन दे.” त्यांच्या मनातली किटली ओट्यावरची होती. चिमुरडीला जी आधी दिसली ती टेबलावरची.

जावईबापूंनी कप घेतला. पहिला घोट घेताना भुवई जराशी हलली, असं काका नंतर म्हणाले. पण सासरी आल्यावर चहाला नावं ठेवू नयेत एवढी समज त्यांना होती. त्यांनी सावकाश, घोट घोट करत पूर्ण कप संपवला. तळाला राहिलेला बटाट्याचा तुकडाही खाल्ला.

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “चहा बरा झाला होता ना? घाईत केला.”

“छान होता,” जावई म्हणाले. “मिरी घातलीय वाटतं.”

“आणखी घेता?”

जावयांनी क्षणभर विचार केला. “अर्धा कप चालेल.”